ब्लॅक होलचा पॉइंट

आमच्या शेळगावात मला पाणाडी समजतात. पाणाडी म्हणजे बोअर कुठं मारायचं तो पॉइंट दाखवणारा माणूस. तळहातावर नारळ आडवा ठेवून रानातनं चालायचं, नारळ आपसूक उभा राहिला की तिथं खाली पाणी, अशी ती विद्या. मी फिजिक्समध्ये पीएच.डी. केली, पुण्यात एका संशोधन संस्थेत काम करते आणि आपल्या आकाशगंगेत मायक्रोक्वेसार नावाची चीज कुठं दडलीय ते हुडकते. इंदापूर तालुक्यापर्यंत पोचेस्तोवर त्यातला फक्त नारळ शिल्लक राहिला.

हे झालं एका शब्दामुळं. सहा वर्षांमागं दिवाळीला मी घरी गेले होते. सकाळी डेअरीत दूध घालायला गावातले बाप्ये जमतात. तिथं कुणीतरी माझ्या चुलत्यांना, म्हणजे तात्यांना विचारलं, "तात्या, पोरगी काय करती म्हनं पुन्याला?" तात्या म्हणाले, "ब्लॅक होल शोधती." आता आमच्याकडं बोअरलासुद्धा होलच म्हणतात. विहिरीत आडवं होल, रानात उभं होल. राहता राहिला ब्लॅक. त्यावर डेअरीत विचारविनिमय झाला आणि कुणीतरी निकाल दिला, "ब्लॅक म्हंजे काळ्या रानातलं. मुरमाडात कोनबी पाणी काढंल, काळ्या रानात घावायला डोस्कं लागतं." दुधाचे कॅन रिकामे व्हायच्या आत मी भूजलतज्ज्ञ झालेली होते.

तात्यांची ओळख करून द्यायला हवी. माझे वडील मी लहान असताना गेले. मला शिकवलं ते तात्यांनी. कारखान्याच्या संचालकपदासाठी ते दोनदा उभे राहिले आणि दोन्ही वेळा दणकून पडले. त्यांच्या विरोधात निवडून आलेले कधीच निवृत्त होऊन गप्प बसले, तात्या अजून प्रचारात आहेत. फोनवर बोलतानाही समोर सभा असल्यासारखे बोलतात. सभा नसली तर सभा गोळा करतात.

मी त्यांना म्हटलं, "तात्या, अहो सांगा ना त्यांना, हे आकाशातलं असतं म्हणून."

"सांगतो की," तात्या म्हणाले.

त्यांनी काही सांगितलं नाही. मग मीच प्रयत्न केला. मी म्हणाले, मी खाली नाही, वर शोधते. तर लोक म्हणाले, अगं बाई, म्हणजे सॅटेलाईटनं! नारळाच्या जागी सॅटेलाईट आला आणि माझी पत आणखी वाढली. त्यानंतर मी तोंड मिटलं.

तुम्हालाही नीट सांगते, नाहीतर तुम्हीपण उद्या सातबारा घेऊन दारात उभे राहाल. एखादा मोठा तारा मरतो, त्याचं कृष्णविवर होतं. ते दिसत नाही. पण कधीकधी त्याला एक जिवंत जोडीदार तारा असतो. दोघं एकमेकांभोवती फिरतात. कृष्णविवर त्या जोडीदाराचा वायू ओरपून खातं आणि खाताना दोन्ही बाजूंनी जोरात फवारे सोडतं. अशा जोडीला मायक्रोक्वेसार म्हणतात. आपल्या अख्ख्या आकाशगंगेत अशा जोड्या हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच माहीत आहेत, त्यामुळं एखादी नवी सापडली तर शोधणाऱ्याचं नाव होतं. आणि नाव व्हावं असं मलाही वाटत होतं, उगाच साधूपणा कशाला करू.

आमची पद्धत अशी, की आकाशात ज्या ठिकाणाहून रेडिओलहरी नाहीतर क्ष-किरण येतायत, त्या ठिकाणी साध्या उजेडात कुठला तारा दिसतो ते बघायचं. त्याचा उजेड दुर्बिणीतनं घ्यायचा आणि फोडायचा. उजेड फोडला की रंगांचा पट्टा मिळतो, त्याला वर्णपट म्हणतात, आणि त्यात रेघा असतात. हायड्रोजनची एक लाल रेघ असते. साध्या ताऱ्यात ती काळी दिसते. ती जर उलट झळझळीत दिसली, तर समजायचं की आसपास तापलेला वायू फिरतोय आणि काहीतरी गडबड आहे. गडबड दिसली की आम्ही खूष.

लोकांना वाटतं खगोलशास्त्रज्ञ रात्ररात्र दुर्बिणीला डोळा लावून बसतात. आधी डोंगरावर जावं लागायचं हे खरं, पण आता दुर्बिणीवरची माणसं निरीक्षणं घेतात आणि आम्हाला फाइल पाठवतात. आम्ही रात्री ढाराढूर झोपतो आणि सकाळी दहाला एसी हॉलमध्ये बसून कॉम्प्युटरवर त्या वर्णपटातली घाण काढतो. चंद्राचा उजेड काढा, हवेचा काढा, जवळच्या गावातल्या दिव्यांचा काढा. सगळं काढून झालं की बहुतेक वेळा असं निघतं, की तारा अगदी सरळमार्गी आहे, त्याच्यात बघण्यासारखं काही नाही. अशा सरळमार्गी ताऱ्यांची माझ्याकडं रास पडलेली आहे.

त्या राशीत मला एक सापडला. लाल रेघ अशी झळझळीत की मी खुर्चीतनं उठून उभी राहिले. ताऱ्याला नाव नव्हतं, लांबलचक नंबर होता. त्याच जागेवरनं रेडिओलहरीही येत होत्या. मी सरांना दाखवलं. सर म्हणजे आमच्या गटाचे प्रमुख. ते चष्मा कपाळावर सारून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "इंटरेस्टिंग." आमच्यात हा शब्द हार घातल्यासारखा असतो. मग म्हणाले, "पण जोडीदार दाखवा. जोडीदार असला तर मायक्रोक्वेसार, नाहीतर नुसता तारा. तोवर तुमचा प्रकल्प मी चालू ठेवतो."

म्हणजे सगळं त्यावर आलं. माझ्या ताऱ्याला न दिसणारा जोडीदार, म्हणजे कृष्णविवर, आहे का नाही. असला तर मी कुणीतरी, माझा गट, माझे विद्यार्थी. नसला तर प्रकल्प बंद आणि मी दुसऱ्या कुणाच्या तरी गटात जाऊन वर्णपटांची घाण काढत बसणार.

जोडीदार दाखवायला वेळ लागतो. महिनोन् महिने त्याच ताऱ्याचे वर्णपट घ्यायचे आणि रेघा पुढंमागं सरकतात का, म्हणजे तारा जवळ-लांब होतोय का, ते बघायचं. त्यात पावसाळाभर दुर्बीण बंद, उरलेल्या दिवसांत रांगेत शंभर लोक. वर्षाला दुर्बिणीच्या वेळेचे चार तुकडे मिळाले तरी नशीब म्हणायचं. अशी वर्षं गेली. एकदा घरी असताना मी सरांशी फोनवर बोलत होते. म्हणाले, "सर, जोडीदार मिळालाच पाहिजे हो, नाहीतर आयुष्य वाया गेल्यासारखं होईल." माझी आई चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी भाकरी थापत होती. तिनं हे ऐकलं. डोळ्याला पदर लावला. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ती नरसिंहपूरला गेली आणि भीमा-नीरेच्या संगमावर आंघोळ करून, ओलेत्यानं नृसिंहाला नवस बोलून आली, की लेकीला जोडीदार मिळू दे, अभिषेक करीन. मला कळलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. पण नवस तर माझ्याच कामाचा होता. तपशील देवानं बघून घ्यावा म्हणून मी गप्प बसले.

एक गोष्ट मात्र मला गावाचं कौतुक करण्यासारखी वाटायची. पूर्वी मी गेले की लग्न असो, बारसं असो, बाया मला कोपऱ्यात गाठायच्या. यंदा तरी करतीयास का? वय वाढलंय की गं. आणि पुण्याला रातची डोंगरावर जाती म्हनं, कोन कोन आस्तं तितं? आईला तर पाणी भरताना, दळणाला गेल्यावर, कुठंही. ती घरी येऊन न जेवता झोपायची. पण त्या दिवाळीनंतर हे प्रश्न थांबले. हळूहळू नाही, एका झटक्यात. बाया मला चहा द्यायच्या, बसायला चटई टाकायच्या, आणि आदबीनं इकडचं तिकडचं विचारायच्या. मी पुण्यात मैत्रिणींना सांगायचे, तुम्ही इथं चर्चासत्रं भरवत बसा, तिकडं खेड्यात बायका बघा किती बदलल्यात. दोन-तीन ठिकाणी मी हे भाषणातही सांगितलं. टाळ्या पडल्या.

पुढं आमचा एक शोधनिबंध आला. त्यात अतिशय सावधपणे लिहिलं होतं की हा तारा मायक्रोक्वेसार असण्याची शक्यता तपासायला हवी. गावाकडच्या एका वार्ताहरानं त्याची बातमी केली, 'शेळगावच्या कन्येनं शोधलं ब्लॅक होल.' शक्यता आणि तपासणी त्याला जागेअभावी गाळावी लागली असणार. झालं! इंदापूरच्या चौकात फ्लेक्स लागला. मागं गॅलक्सी, रॉकेट, कुठलातरी परदेशी अंतराळवीर, आणि मधोमध मी, आधार कार्डावरच्या फोटोतली. भोवतीनं शुभेच्छुक. शुभेच्छुकांचे चेहरे माझ्याहून मोठे होते, गॉगल लावलेले होते आणि एकानं फोन कानाला लावलेला होता. खाली मजकूर, 'ब्लॅक होल व बोअर पॉइंट तज्ज्ञ.' मजकूर माझ्या चुलतभावानं, म्हणजे तात्यांच्या मुलानं लिहून दिला होता. मी त्याला म्हटलं, "दादा, अरे हे काय?" तो म्हणाला, "दोन्ही टाकलंय. ज्याला जे कळंल ते वाचंल."

मग बारामतीला सत्कार. कुठल्याशा मंडळाचा, मोठ्या एसी सभागृहात. शाल, श्रीफळ, आणि एक ट्रॉफी, जी पूर्वी बॅडमिंटनसाठी केलेली असावी, कारण वर शटलचं फूल होतं. माझ्याआधी पाच जण बोलले. पहिल्यानं मला सावित्रीच्या लेकींत बसवलं, दुसऱ्यानं नासात पाठवलं, तिसऱ्यानं परत आणलं आणि तालुक्याचा पाणीप्रश्न माझ्या गळ्यात घातला. माझी पाळी आली तेव्हा लोक जेवणाच्या हॉलकडं बघत होते. तरी मी ठरवलं होतं, आज नीट सांगायचं. मी जोडीदाराची गोष्ट सांगितली. म्हटलं, समजा अंधारात दोन पोरी फुगडी खेळतायत. एकीनं पांढरा परकर घातलाय, दुसरीनं काळा. तुम्हाला पांढरीच दिसतीय. पण ती एकदा तुमच्याकडं येते, एकदा लांब जाते, म्हणजे तिचे हात कुणीतरी धरलेत हे तुम्हाला कळतं. तसं आम्ही ताऱ्याकडं बघतो. तो पुढंमागं होत असला तर त्याचे हात कुणीतरी धरलेत. आणि जागचा हलतच नसला, तर तो एकटा आहे.

मला स्वतःला हे फार छान जमलं असं वाटलं. मी खाली बघितलं. पहिल्या रांगेतले पाहुणे मोबाइलवर बोट फिरवत होते. तात्या त्यांच्या शेजारी, मान मागं टाकून, डोळे मिटून, तोंड किंचित उघडं ठेवून बसलेले. मला वाईट वाटलं. निदान तात्यांनी तरी जागं राहायचं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी चार दिवस घरी गेले. तात्यांनी नवं बोअर घ्यायचं काढलं होतं, आणि माझा जीव धोक्यात आहे हे मला गाडीतनं उतरतानाच कळलं. दुपारचं ऊन. तात्या मला म्हणाले, "चल रानात, उलीसं बसून येऊ." रानात ऊस तुटून गेलेला, सावली कुठं नाही, फक्त बांधाला एक लिंब आणि त्या लिंबाखाली बाज टाकलेली. बाजेवर घोंगडी, उशाला पाण्याचा तांब्या. तात्यांनी एवढी सोय माझ्यासाठी कधी केली नव्हती. मी बसले. हळूहळू माणसं जमा झाली. दादा आला, शेजारचे आले, बोअरच्या गाडीचा एजंटही आला.

"मग, कुठं घ्यावं म्हंतीस?" तात्या म्हणाले.

"तात्या, मला यातलं काही कळत नाही. किती वेळा सांगू?"

"आसं आस्तंय," तात्या जमलेल्यांना म्हणाले, "शिकलेल्या मान्सानं कंदी मोठेपना करू न्हाय."

मी चिडले. ऊन मी म्हणत होतं, उठून रानभर हिंडायची माझी तयारी नव्हती. मी बसल्या जागेवरनं बोट खाली केलं आणि म्हणाले, "इथं घ्या. या बाजेखाली. आता झालं समाधान?"

तुम्हाला वाटेल यात काहीतरी तिरकस होतं हे कुणालातरी कळलं असेल. छे! मला बाजेवरनं उठवलं, बाज उचलली, चुन्यानं फुली मारली, नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी तमिळनाडूची बोअरची गाडी आली. दिवसभर नुसता धुरळा. आमच्याकडं त्याला फुफाटा म्हणतात. फुफाटा निघाला की माणसांचे चेहरे उतरतात. मी घरात बसून होते, आणि खरं सांगते, मी घाबरले होते. तात्यांचं बोअर फेल गेलं असतं तर गाव मला काय म्हणालं असतं, यापेक्षा तात्यांना काय म्हणालं असतं याचं मला भ्या वाटत होतं. उन्हं कलायला लागली तसा रानातनं ओरडा ऐकू आला. पाणी लागलं होतं. चांगलं दोन इंची, आधी गाळ आणि मागनं नितळ. दादा चिखलानं भरून पळत घरी आला आणि माझ्या पाया पडायला लागला. तो माझ्याहून थोरला आहे.

पुढच्या आठवड्यात पुण्याला माझ्या फ्लॅटवर डाळज गावची चार माणसं आली. हायवेनं सरळ आलो म्हणाली. सोबत नारळ आणि रानाचा नकाशा. सोसायटीच्या वॉचमननं विचारलं, मॅडम, तुमच्याकडं देवाचं असतं का? मी त्या माणसांना पोहे घातले आणि हात जोडून परत पाठवलं. जाताना त्यातले एक आबा हळहळले, "व्हय व्हय, आता तुमाला येळ कुठला, तुमी मोठं झाला." वाचणाऱ्यांनी नोंद घ्यावी, की विज्ञानात इतकी वर्षं घालवून माझा एकमेव पडताळून पाहिलेला शोध म्हणजे ते दोन इंची पाणी.

आता ताऱ्याचं. यंदाच्या थंडीत शेवटचे वर्णपट आले. सगळे मिळून आता उत्तर निघण्याइतके झाले होते. मी दार लावून घेतलं आणि रेघा मोजायला बसले. जुन्या वर्णपटावर नवा ठेवला. रेघेवर रेघ. मागच्या वर्षीचा ठेवला. रेघेवर रेघ. चूक असेल म्हणून सगळं पहिल्यापासनं परत केलं, कॉम्प्युटरला शिव्या घातल्या, परत केलं. तारा जागचा हललेला नव्हता. सगळी वर्षं तो ढिम्म उभा होता, आणि मी त्याचे हात कुणी धरलेत ते बघत होते.

मग ती झळझळीत लाल रेघ कसली? तर हा गडी स्वतःभोवतीच इतक्या वेगानं गरगर फिरतो, की त्याच्या अंगातला वायू बाहेर फेकला जातो आणि त्याचंच कडं त्याच्याभोवती तयार होतं. असे तारे पुष्कळ असतात, त्यांना कुणी विचारत नाही. आणि रेडिओलहरी? त्या त्याच्या नव्हत्याच. त्याच्या बरोबर पाठीमागं, कल्पनेपलीकडं लांब, दुसरीच एक गॅलक्सी होती, ती सोडत होती. आमच्या नजरेच्या एका रेषेत दोघं आले, आणि आम्ही सोयरीक जुळवली.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, "निगेटिव्ह रिझल्ट हासुद्धा रिझल्टच असतो." हे वाक्य त्यांनी इतक्या मायेनं म्हटलं, की पुढच्या मिनिटाला त्यांनी माझा उरलेला दुर्बिणीचा वेळ दुसऱ्याला दिला तेव्हा मला पटकन कळलंच नाही. प्रकल्प बंद झाला. कुणी रागावलं नाही, कुणी काही बोललं नाही. कँटीनमध्ये लोक माझ्याशी हवापाण्याचं बोलायला लागले. आमच्या धंद्यात फेल गेलेल्या माणसाशी असंच बोलतात.

मी रजा टाकून गावी गेले. वाटेत उसाचे ट्रॅक्टर, भिगवणच्या पुढं तर रस्ताभर. खिडकीतनं मळीचा वास. मी सगळी वाट वाक्य जुळवत होते. तात्यांना काय सांगायचं? त्यांनी गावभर माझा डंका वाजवलेला. आणि सहा वर्षं दर फोनला त्यांचा शेवटचा प्रश्न ठरलेला असायचा, "सापडलं का?" मी म्हणायचे, "अजून नाही, तात्या." ते म्हणायचे, "घावंल." मला वाटायचं, हे पाण्याचंच विचारतायत, आणि मी उगाच मनाला लावून घ्यायचे.

तात्या रानात होते. त्याच लिंबाखाली, बोअरच्या मोटारीच्या पेटीशेजारी बसून, लाईट यायची वाट बघत. मी जाऊन शेजारी बसले आणि जुळवलेलं एकही वाक्य आठवेना.

"तात्या, फेल गेलं," मी म्हणाले.

"कुठलं? आपलं तर चालू हाय की. लाईट न्हाय म्हून बंद दिसतंय."

"हे नाही हो. माझं. तारा."

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. मग पायानं ढेकूळ फोडत म्हणाले, "म्हंजे फुगडी न्हाय?"

मी बघतच राहिले.

"आगं बघती काय? तूच न्हाय का सांगितलं बारामतीला? येक पांढऱ्या परकराची, येक काळ्या. म्हंजे दुसरी न्हायच तितं? येकटीच हुबी हाय?"

"एकटाच आहे," मी म्हणाले. "पण तुम्ही तर झोपला होता!"

"डोळं झाकल्याबिगर दिसंना म्हून झाकलं हुतं," तात्या म्हणाले. "डोळं उघडं ठिवलं की फुडं त्या शाला आन नारळंच दिसत्यात."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? मी काय करते ते?"

"आता! पहिल्या दिवशी तूच हितं बसून सांगितलं हुतं. ब्लॅक होल आभाळात आस्तंय, त्यातनं उजेडबी भाईर येत न्हाय. मला काय येडा समजती व्हय?"

मग माझा पारा चढला. मी म्हणाले, "तात्या, मग गावभर बोअरचं का होऊ दिलं? इतकी वर्षं माझं हसं करून ठेवलंत! लोक पुण्यापर्यंत नारळ घेऊन येतात. डेअरीत कुणीतरी काळ्या रानातलं म्हणालं तेव्हाच तुम्ही का नाही सांगितलं?"

"कुनीतरी न्हाय. मीच म्हनलो हुतो."

तात्या पुढं बोलायला लागले, आणि पहिल्यांदा सभेतल्यासारखे नाही.

"तुज्या आईला बाया काय काय इचारायच्या ठाव हाय का तुला? पोरगी लगीन का करंना, रातची डोंगरावर कुनासंगं आस्ती. ती माऊली जेवायची न्हाय. आता म्या गावाला काय सांगू? आभाळातलं सांगितलं आस्तं तर म्हनले आस्ते, ह्येच्यापायी लगीन न्हाय केलं व्हय? येडीच म्हनायची. म्हून म्हनलं, पाणाडी म्हनू. पाणाड्याला कोन इचारतंय लगीन झालंय का? उलट लोकं भेत्यात, त्येचं मन दुखावलं तर आपलं पाणी आटंल. आन बाई मानूस पाणाडी म्हनल्यावर तर तोंडच उघडत न्हाय कुनी. तूच सांग. त्या दिवाळीपास्नं येकीनं तरी इचारलं का तुला?"

एकीनंही विचारलं नव्हतं. मी त्यावर भाषणं दिली होती.

"पण तात्या, बोअर? त्याला पाणी लागलं नसतं तर?"

"आसं कसं लागलं नस्तं? आदी दोन पाणाडी आनून बघितलं हुतं. एक ह्या अंगचा, एक नीरंपलीकडचा. दोगांचाबी नारळ तितंच हुबा ऱ्हायला. मग तितं बाज टाकली. तुजा आळस म्या लहानपनापास्नं बघतोय, तू काय उठून दुसरीकडं जात न्हाईस." तात्या हसले. "दोन इलेक्शनी पडलो. ही तिसरी तुज्या नावावर लढलो, ही निवडून आलो बग."

मला रडू आलं. मी लपवलं नाही. रानात दुसरं कुणी नव्हतं, आणि तात्या दुसरीकडं बघत होते, खिशातनं चुन्याची डबी काढून उगाच उघडझाप करत. मला तारा गेल्याचं रडू येत होतं का तात्यांचं, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. आताही येत नाही.

थोड्या वेळानं तात्यांनी विचारलं, "आता फुडं काय करत्यात त्या ताऱ्याचं?"

"काही नाही," मी नाक पुसत म्हणाले. "जोडीदार नाही एवढं छापायचं आणि सोडून द्यायचा. आता त्याच्याकडं कुणी दुर्बीण लावणार नाही."

"म्हंजे जोडीदार हाय का न्हाय, ह्ये त्येला आता कोनबी इचारायला येनार न्हाय?"

"नाही."

"कंदीच न्हाय?"

"कधीच नाही, तात्या."

"मग गडी सुकात पडला म्हन की," तात्या म्हणाले. तेवढ्यात पेटीवरचा लाल दिवा लागला, तसे ते गुडघ्यावर हात टेकून उठले आणि मोटार चालू करायला गेले.